जेवणाआधीचा फोटो

होळीला नऊ दिवस राहिले असताना, मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, आलमबागच्या मागच्या नाल्याकाठी असलेले मुलांचे केंद्र बंद करण्यात आले. त्या वेळी आत तेवीस मुले, फिलिपिन्सहून आलेल्या मिशन टीमचे पाच जण आणि केंद्र चालवणारे स्थानिक पास्टर होते. मुलांना घरी पाठवले. पास्टर आणि पाच पाहुण्यांना पोलीस चौकीवर नेण्यात आले. दुपारी घरमालकाने खोलीला स्वतःचे कुलूप लावले.

मी तिथे नव्हते. पास्टरांच्या पत्नीचा मला अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. पुढे जे मी पाहिले ते पाहिले म्हणून लिहिते. जे ऐकले ते कुणाकडून ऐकले, हे सांगून लिहिते.

नागपूरच्या एका दैनिकात मी एकोणीस वर्षे डेस्कवर काम केले. नवऱ्याची बदली लखनौला झाली तेव्हा नोकरी सोडली. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आम्हाला सहा वर्षे झाली. घरात मी आणि नवरा मराठी बोलतो. मुलगी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते.

केंद्राशी माझा संबंध आला तो एका लहान मुलीमुळे. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई तिला कडेवर घेऊन येई, मागच्या ओट्यावर बसवी आणि कामाला लागे. मुलगी साडेतीन वर्षांची होती. तिचे दोन्ही पाय जन्मापासून आत वळलेले होते. तळवे एकमेकांकडे, टाचा वर ओढलेल्या. ती पावलांच्या बाहेरच्या कडांवर चाले आणि त्या कडांना घट्टे पडले होते. वस्तीतली मुले तिला ‘टेढ़ी’ म्हणत. तिला ते आपले नावच वाटे. कुणी नाव विचारले की ती दोन्ही सांगे, आधी टेढ़ी.

जन्मली तेव्हा कुणाला दाखवले नव्हते का, असे मी तिच्या आईला एकदा विचारले.

“दिखाए रहे, भाभीजी. दाई बोली, तेल से मालिश करो, सीधा हो जाई.” ती कढई घासत होती. “तीन साल मालिश किए. तेल ही खतम हुआ.”

मग तीच म्हणाली की वस्तीत थंडीत मिशनवाले येतात, त्यांच्यात एक नर्स आहे, तिने पाय बघितले आणि होईल असे सांगितले. पण नर्सची हिंदी हिला कळत नव्हती आणि हिची नर्सला. “आप चलिए न. आप तो अंग्रेज़ी पढ़ी हैं.”

मी गेले. तो डिसेंबरचा शेवट होता. धुक्यामुळे चारबागला येणाऱ्या गाड्या सहा-सहा तास उशिरा धावत होत्या.

केंद्र म्हणजे पत्र्याच्या छताची एक लांबट खोली. एका टोकाला फळा, दुसऱ्या टोकाला गॅस. टीममध्ये पाच जण होते: बावन्न वर्षांची नर्स, जी टीमची प्रमुख होती, दाताची डॉक्टर, शाळेत शिकवणाऱ्या दोन बहिणी, आणि चाळिशीचा बस मेकॅनिक, जो गिटार वाजवी. सगळे एकाच गावच्या एकाच चर्चचे. हे त्यांचे तिसरे वर्ष होते. दर वर्षी ते थंडीत अडीच महिन्यांसाठी येत, पर्यटक व्हिसावर, वर्षभराच्या रजा साठवून. मुले नर्सला ‘मोमो आंटी’ म्हणत. इथे ईशान्येकडच्या लोकांना चेहऱ्यावरून असे चिडवतात, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, तिच्या गावी याहून वाईट नावाने तिला हाक मारणारे लोक आहेत, आणि मोमो तिला आवडतात.

सकाळी नऊ ते बारा केंद्र चाले. अक्षरे, पाढे, उवा, खरूज, किडलेले दात, आणि शेवटी खिचडी. खिचडीच्या आधी अर्धा मिनिट प्रार्थना. ती नर्स इंग्रजीत म्हणे आणि पास्टर तिचे एका ओळीत हिंदी करत: खाने के लिए शुक्रिया. मुले हात जोडत. आमेननंतरच पातेल्याचे झाकण निघते, हे सर्वांत लहान मुलालाही ठाऊक होते.

कॉलनीतल्या एका शेजारणीने मला विचारले होते, “आप लोग ईसाई हो गए क्या?” आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. आमच्या घरात धर्म बदलण्याची गोष्ट मुलांना अभिमानाने सांगतात. या शहरात ती गोष्ट कायद्याच्या कलमात येते, हे मला बातम्यांतून माहीत होते. पण बातमीतून माहीत असणे वेगळे. त्या खोलीत मी दोन महिने आठवड्यातून तीन-चारदा गेले. मी असताना तिथे कुणाचा बाप्तिस्मा झाला नाही आणि कुणाला तसे सुचवलेही गेले नाही. मी नसताना काय झाले ते मला सांगता येणार नाही.

मुलीच्या पायांचे काम जानेवारीत सुरू झाले. नर्सने शहरातल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलची चौकशी करून ठेवली होती. तिथे वाकड्या पायांच्या मुलांसाठी दर शुक्रवारी वेगळी ओपीडी असे. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मुलीचा पाय हातात धरला, अंगठ्याने एका जागी दाबला आणि तो थोडा बाहेर वळवून दाखवला.

“दर आठवड्याला इतकाच,” हे त्यांनी हिंदीत सांगितले. इतका वळवायचा आणि प्लास्टर घालायचे, बोटांपासून मांडीपर्यंत. पुढच्या शुक्रवारी काढायचे, आणखी इतका वळवायचा, पुन्हा प्लास्टर. मग टाचेच्या मागे एक बारीक छेद. मग बूट, जे एका पट्टीला जोडलेले असतात. “सात-आठ प्लास्टर लगेंगे. उम्र ज़्यादा है, पर हो जाएगा.” आणि आईकडे बघून: “बीच में छोड़ा तो पैर वापस वहीं चला जाएगा. फिर अगली बार इतना आसान नहीं होगा. समझीं?”

“समझ गए,” आई म्हणाली. बाहेर आल्यावर तिने मला विचारले, “क्या समझे हम?” मी पुन्हा सांगितले. ती सगळे ऐकून घेऊन म्हणाली, “मतलब शुक्रवार नहीं छोड़ना है.”

तिने एकही शुक्रवार सोडला नाही. सहा शुक्रवार आम्ही चौघी ऑटोने गेलो. आई, मुलगी, नर्स आणि मी. प्लास्टर ओले असताना नर्स मुलीचे डोके आपल्या मांडीवर धरी. परत आल्यावर मेकॅनिक सुकलेल्या प्लास्टरवर पेनने बस काढून देई. ही मुलीची अट होती. तिचे वडील ई-रिक्शा चालवत आणि सवारीसाठी बस टर्मिनलबाहेर थांबत, त्यामुळे तिला बसगाड्या ठाऊक होत्या. मेकॅनिकच्या बसला गिअरबॉक्ससुद्धा असे. ती बघून म्हणे, “हॉर्न कहाँ है? हॉर्न बनाओ.” त्याला हिंदी येत नव्हती, पण हॉर्न कळे. तो तोंडाने वाजवूनही दाखवी.

चौथ्या प्लास्टरनंतर उजवा पाय सरळ रेषेत आला. सहाव्या वेळी डॉक्टरांनी दोन्ही पायांचा फोटो काढला आणि कार्डावर लिहिले: सातवे प्लास्टर, त्याच दिवशी छेदाची तारीख देणे.

आता फोटोबद्दल.

टीमची एक रीत होती. दर शनिवारी नर्स आपल्या चर्चला पत्र पाठवी. आठवड्यात काय झाले ते, आणि एक फोटो. तिकडची माणसे त्या फोटोतल्या मुलांसाठी रविवारी प्रार्थना करत, एकेका मुलाचे नाव घेऊन. नाव न घेता केलेली प्रार्थना म्हणजे पत्ता न घातलेले पाकीट, असे नर्स म्हणे. त्यामुळे नावे लागत. पण तिची नावे चुकत. दोन मुली बदलून जात, एका मुलाचे नाव तर तिने तीन आठवडे त्याच्या आजोबांच्या नावाने पाठवले. पत्र पाठवण्याआधी पास्टर वाचत, दोन-तीन शब्द बदलत, आडनावे काढत. हे मी पाहिले होते. का करतात, हे मी विचारले नव्हते.

फेब्रुवारीच्या एका शनिवारी पास्टर नव्हते. त्यांच्या गावी भावकीत कुणी वारले होते. नर्सने मला विचारले, या फोटोखाली नावे नीट लिहून देशील का. एकोणीस वर्षे हेच काम केले होते. मी वही घेऊन मुलांमध्ये बसले आणि प्रत्येकाला विचारले: पूर्ण नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव. लहान मुलांचे त्यांच्या आयांना विचारले. माझ्याकडच्या बाईने मुलीचे नाव सांगितले, नवऱ्याचे सांगितले, गाव सांगितले, सीतापूर जिल्ह्यातले. मग हसली. “राशन कार्ड बन रहा है क्या, भाभीजी?”

फोटोत अकरा मुले होती. ओळीने बसलेली, पुढे ताटे, मागे उभे टीमचे पाच जण. नर्सने इंग्रजीत आधीच एक ओळ लिहून ठेवली होती: मुले दुपारच्या जेवणाचा आनंद घेताना.

मी फोटो मोठा करून पाहिला. ताटे रिकामी होती. कुणाचाही हात ताटात नव्हता. अकराही जणांचे हात जोडलेले होते, नऊ जणांचे डोळे मिटलेले, दोघांचे पातेल्याकडे. डेस्कवर शिकवलेला पहिला नियम: फोटोत जे दिसते तेच लिहायचे. मी ओळ बदलली. फिलिपिन्सहून आलेल्या मिशन टीमसोबत जेवणाआधी प्रार्थना करताना आलमबागजवळच्या वस्तीतील मुले. मग डावीकडून, अनुक्रमे, अकरा पूर्ण नावे, कंसात वडिलांचे नाव आणि गाव. डावीकडून चौथी ती मुलगी होती, प्लास्टरचे पाय सरळ पुढे केलेली.

नर्सने वाचले आणि माझा हात हातात घेतला. तीन वर्षांत इतके स्वच्छ कॅप्शन कुणी लिहून दिले नव्हते, असे ती म्हणाली. पत्र सहा वाजता गेले.

रविवारी त्यांच्या चर्चने तो फोटो, ओळींसकट, आपल्या सार्वजनिक पानावर लावला. पंधरा दिवसांनी तो लखनौत परत आला. माझ्या मुलीने तो पाहिला. तिच्या कॉलेजच्या एका ग्रुपवर कुणीतरी पाठवला होता, ‘प्रार्थना’ या शब्दाभोवती लाल गोल आणि ‘मिशन’खाली दोन रेघा. मूळ इंग्रजीखाली कुणी हिंदी भाषांतर दिले होते. भाषांतर अचूक होते.

“मम्मी, ये आपका वाला सेंटर है न?”

“हो.”

“इसमें सबके नाम क्यों डाले हैं? बाप का नाम, गाँव... ऐसे कौन डालता है, यार?”

“कॅप्शनमध्ये नावं असतात.”

“बच्चों के?”

तो सोमवार होता. मी पास्टरांना फोन लावला. त्यांनी तोपर्यंत फोटो पाहिलेला होता. ते म्हणाले, “कल सेंटर खोलेंगे. बंद रखेंगे तो लगेगा कुछ छुपा रहे हैं.” दुसऱ्या दिवशी साडेदहाला वस्तीबाहेरचे दहा-बारा लोक आले आणि त्यांच्यामागून पोलीस आले. हे मला पास्टरांच्या पत्नीने सांगितले. कुणी कुणाला मारले नाही. पातेले गॅसवर होते, ते तसेच राहिले.

नवरा दुपारी जेवायला घरी आला. त्याला ऑफिसात कळले होते.

“तुझं नाव आहे का कुठं त्यात?”

“नाही. कॅप्शनखाली नाव नसतं.”

“मग गप्प बस. अगं, मी सरकारी नोकर आहे. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?”

“कुणी विचारलेलं नाही अजून.”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला आणि भात वाढून घेतला.

मी चार वाजता चौकीसमोर जाऊन उभी राहिले. आत गेले नाही. साडेपाचला पाहुण्यांना बाहेर सोडले. पर्यटक व्हिसावर धार्मिक काम करता येत नाही, असा नियम आहे. त्यांना देश सोडायला सांगण्यात आले. नर्सला मी दिसले. ती रस्ता ओलांडून आली, पर्समधून हॉस्पिटलचे कार्ड काढले आणि माझ्या हातात दिले.

“शुक्रवारी सातवे,” ती इंग्रजीत म्हणाली. “आता तू ने.”

मी कॅप्शनबद्दल बोलायला सुरुवात केली. तिने डोके हलवले. “फोटोत प्रार्थनाच होती,” ती म्हणाली. “शुक्रवार. विसरू नकोस.” तिच्यामागे मेकॅनिक उभा होता. त्याच्या गिटारची पिशवी रिकामी होती. गिटार केंद्रात, कुलपाच्या आत राहिली होती.

बुधवारी एका हिंदी दैनिकात आतल्या पानावर नऊ ओळी आल्या. पाहुण्यांची संख्या सात दिली होती. पास्टरांचे वय चुकले होते. त्याच दिवशी दुपारी दोन पोलीस छापलेला फोटो घेऊन वस्तीत आले आणि डावीकडून सुरुवात करून एकेका मुलाचे घर विचारत गेले. त्यांनी कुणाला दम दिला, असे मला कुणी सांगितलेले नाही. त्यांनी विचारले, लिहून घेतले आणि ते गेले. अकरापैकी अकरा घरे सापडली. नावे, वडिलांची नावे आणि गावे बरोबर होती.

गुरुवारी टीम गेली. मी संध्याकाळी पास्टरांच्या घरी गेले; तोवर त्यांनाही सोडले होते. ते चटईवर बसून मुलांच्या पाट्या पुसत होते. पाट्या त्यांच्या पत्नीने मंगळवारीच उचलून आणल्या होत्या.

मी म्हणाले, “कैप्शन मैंने लिखा था.”

“मालूम है.” त्यांनी वर पाहिले नाही. “आंटी की अंग्रेज़ी में कॉमा इतने सही जगह पर नहीं होते.”

“वो ‘लंच’ लिख रही थीं. मैंने बदला.”

“तीन साल हमने लंच ही लिखा, मैडम.” त्यांनी पाटी उलटी करून दुसरी बाजू पुसली. “झूठ थोड़े था. लंच भी तो था.”

त्यांच्या पत्नीने चहा आणला. मला सांगण्यात आले की चौकशी चालू आहे, त्यांना बोलावतील तेव्हा जावे लागेल, आणि खोली आता मिळणार नाही. मी विचारले, मुलीला शुक्रवारी नेऊ ना. पास्टर म्हणाले, “ले जा सकें तो ले जाइए. मैं साथ आया तो काम बिगड़ेगा.”

शुक्रवारी सकाळी साडेसातला मी वस्तीत गेले. कामवाली बाई बुधवारपासून माझ्याकडे आली नव्हती. तिचे घर नाल्याच्या दुसऱ्या कडेला, तीन बाजूंनी विटा आणि एका बाजूने ताडपत्री. ई-रिक्शा दारात उभी होती. मुलगी तिच्या मागच्या सीटवर बसली होती, प्लास्टरचे पाय पुढे. आठवडाभरात बस पुसट झाली होती.

“बस वाले अंकल कहाँ हैं?” तिने विचारले.

वडील बाहेर आले. मी त्यांना पूर्वी दोनदा पाहिले होते. ते नम्रपणे बोलले. “भाभीजी, हम नहीं भेजेंगे.”

मी त्यांना पाय समजावून सांगितला. दोन आठवडे, एक छेद, तीन आठवडे, मग बूट. सातवे प्लास्टर आज झाले नाही, तर सहा वाया जातील. हॉस्पिटल सरकारी आहे, मिशनचे नाही. डॉक्टरांचा मिशनशी संबंध नाही.

“कार्ड पे तो मोहर उन्हीं की है.”

होती. ‘कोणी आणले’ या रकान्यात केंद्राचा शिक्का होता. मी म्हणाले, नवीन कार्ड काढू.

“नया कार्ड में नाम लिखेंगे?”

“नाव तर लिहावंच लागेल.” घाईत मी मराठीत बोलले. मग हिंदीत सांगितले.

“तब फिर वही बात है,” ते म्हणाले. “नाम ही से तो आए थे. बाप का नाम पढ़ के सुनाया हमको. गाँव का नाम पढ़ के सुनाया. बोले, पैसा लेके धरम बदले हो? हम बोले, साहब, पैर का इलाज है. बोले, ठीक है, बुलाएँगे. गाँव में अम्मा हैं, भाई हैं. वहाँ पहुँच जाए ये कागज़, तो हमको कुएँ पे कौन चढ़ने देगा?”

आई ताडपत्रीच्या आत होती. ती बाहेर आली, पण पुढे आली नाही.

मी तिला म्हणाले, “तुमने कहा था, शुक्रवार नहीं छोड़ना है.”

“कहा था.” मग ती म्हणाली, “भाभीजी, आप ही तो कापी लेके पूछ रही थीं. बाप का नाम, गाँव का नाम. हम तो हँस रहे थे.”

“हाँ. मैंने ही लिखा.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिले. तिने मुलीला रिक्शातून उचलले आणि आत नेले. आतून मुलीचा आवाज आला: “आज शुक्कर है, अम्मा.”

मी नऊपर्यंत तिथे उभी होते. मग एकटीच हॉस्पिटलला गेले. डॉक्टरांना सांगितले की मुलगी आजारी आहे. हे खरे नव्हते. ते म्हणाले, सोमवारी आणा, मी वेळ काढतो. पण प्लास्टर दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, मुलगी वाढते आहे, बोटांचा रंग बघत राहा.

सोमवारी सकाळी मी पुन्हा गेले. रिक्शा नव्हती. ताडपत्री नव्हती. चूल फोडलेली होती. शेजारच्या घरातली म्हातारी भंगार निवडत होती. तिने सांगितले की ती माणसे शनिवारी पहाटे गेली.

“और प्लास्टर?”

“उतार दिए रहे. शुक्रवार को ही. हैंडपंप पे बैठा के, भिगो-भिगो के, चाकू से. एक घंटा लगा.” तिने हाताने लांबी दाखवली. “बहुत रोई बिटिया. बोली, हमरी बस मत काटो.”

पांढरे तुकडे हँडपंपाजवळच्या गटारात होते. ते मी पाहिले.

गावाचे नाव माझ्या वहीत होते. वहीतल्या एका शब्दातही चूक नव्हती, हे पोलिसांनी तपासलेलेच होते. होळी झाल्यावर मी आलमबागहून सीतापूरची बस धरली, तिथून जीप, मग चालत. नवऱ्याला सांगितले नव्हते. माझ्या मुलीला सांगितले होते. ती म्हणाली, “मिल के क्या बोलेंगी आप?” मला माहीत नव्हते.

गावात त्या लहान मुलीचा काका भेटला. बाज बाहेर काढून त्याने मला बसवले आणि पाणी दिले. पोलीस गावात आले होते का, असे मी विचारले. तो म्हणाला, नाही. कुणीच आले नव्हते. गावात कुणाला काही माहीत नव्हते. भाऊ चार दिवस राहिला आणि बायको-मुलीला घेऊन पंजाबकडे कामाला गेला. कुठे, ते त्याला माहीत नव्हते. फोन नंबर त्याने दिला. तो मी तिथेच लावला. बंद होता.

“बिटिया के पैर कैसे थे?”

“ठीक थे,” काका म्हणाला. “पहले से तो सीधे थे.”

“चल रही थी?”

“चल रही थी. बाहर बाहर से.” त्याने आपले पाऊल उचलून कड जमिनीला टेकवून दाखवली. “जैसे पहले चलती थी, वैसे.”

हे त्याने सांगितलेले आहे. मी पाहिलेले नाही.

पास्टर आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात आणि एका दुकानात हिशेब लिहितात. चौकशीसाठी त्यांना दोनदा बोलावले, नंतर बोलावले नाही. अकरा मुलांपैकी कुणाच्याही पालकांवर काही कारवाई झाली नाही. हे मला तीन वेगवेगळ्या घरांनी सांगितले. केंद्राच्या खोलीत घरमालकाने बॅटऱ्या चार्ज करण्याचा धंदा काढला आहे. नर्सचे मला महिन्यातून एकदा पत्र येते. त्यात एकच प्रश्न असतो. मला जे कळलेले असते ते मी लिहिते.

पंजाबचा नंबर मी जूनपर्यंत लावत होते. मग तो दुसऱ्या कुणाला दिला गेला. त्या माणसाने सभ्यपणे सांगितले की इथे अशी कुणी मुलगी नाही.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी मी हॉस्पिटलला गेले. डॉक्टर बदलून गेले होते. खिडकीवरच्या कारकुनाने कार्ड घेतले, रजिस्टर उघडले आणि बोट ओळीवरून फिरवले. तीन महिने न आलेल्या मुलांची नावे शुक्रवारच्या यादीतून काढतात, असे त्याने सांगितले. तिचे नाव आधीच्या शुक्रवारी काढले होते.